बाकीचे तसेच

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचे पत्र्याचे डबे आहेत. त्यांच्यावर बायकोच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं तशाच चिकटलेल्या: चकली, शेव, अनारसे, शंकरपाळे. गेल्या हिवाळ्यात ‘अनारशां’त रॉकर आर्म होते, ‘शेवे’त व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, ‘शंकरपाळ्यां’त नट-बोल्ट आणि ‘चकली’त पिस्टनच्या जुन्या रिंगा. रिंगा त्या डब्यात अगदी शोभून दिसत होत्या. डबे देताना बायकोने एकच अट घातली, की हे आता परत आणायचे नाहीत, नवे घेऊन द्यायचे. म्हणजे डबे तिने दिले नाहीत, विकले.

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये, एका जुन्या दिवाणावर, आमच्या मारुती 800 चं इंजिन सुटं होऊन पडलं होतं. गाडी 1996 सालची. एम.पी. 09 ची पाटी. आमची मुलगी हिच्यातून शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि सासरीही हिच्यातूनच गेली. गेली दोन वर्षं गाडी निळा धूर सोडत होती. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी (थंडीतला सकाळचा सोडून), निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे मी शेकडो मुलांकडून घोकून घेतलेलं. आता तो निळा धूर माझ्याच मागे मागे यायचा आणि सिग्नलला मागचा स्कूटरवाला नाकाला रुमाल लावायचा. पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. पुढची तारीख जवळ येत होती. भाचा म्हणाला, “मामा, भंगारात द्या आता. इंजिनच्या कामाला लागतील तेवढेही पैसे तिचे येणार नाहीत.” त्याचा हिशेब बरोबर होता. माझा हिशेब वेगळा होता आणि तो मला कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकात इंजिन शिकवलं. ऑटो सायकल, डिझेल सायकल, व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम, सगळं तोंडपाठ. प्रयोगशाळेत एक कापून उघडं केलेलं इंजिन होतं, एक्झॉस्टची बाजू लाल रंगवलेली, इनलेटची निळी, आणि फिरवायला एक हँडल. ते हँडल मी किती वेळा फिरवलं असेल याची गणती नाही. पण एकतीस वर्षांत मी एकही इंजिन स्वतःच्या हाताने बांधलं नव्हतं. निवृत्तीनंतर हे एकदम जाणवलं, जसं जन्मभर पोहण्यावर व्याख्यानं दिलेल्या माणसाला एखाद्या दिवशी नदीकाठी जाणवावं.

‘बांधलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. इंदूरच्या गॅरेजांत इंजिन जोडत नाहीत, ‘बाँधते हैं’. खोलना आणि बाँधना. आम्ही इंदूरचे मराठी, आमच्या बोलण्यात हिंदी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली ते आम्हालाही कळत नाही, आणि पुण्याचे पाहुणे त्यावरून आम्हाला हसतात. पण या शब्दाला मराठीनेही हरकत घेऊ नये. आपण घर बांधतो, फेटा बांधतो, पोथी कापडात बांधतो, धरण बांधतो. या सगळ्यात ताण आहे. नुसतं एकाला एक लावून ठेवलं तर त्याला बांधणं म्हणत नाहीत. मी फळ्यावर ‘असेंब्ली’ लिहायचो, त्यात हा ताण कुठे दिसायचाच नाही.

उस्ताद हे नवलख्याकडच्या एका गल्लीतले, माझ्याच वयाचे. त्यांचं गॅरेज आता त्यांची मुलं बघतात. गाडी त्यांच्याकडेच वीस वर्षं जाते आहे. मी त्यांना म्हटलं, इंजिन मला स्वतःला बांधायचंय, तुम्ही फक्त शिकवा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, बहुधा हसू दाबत असावेत. मग म्हणाले, “ठीक है मास्साब. हाथ आपका, आँख मेरी.” गॅरेज आटोपलं की ते संध्याकाळी स्कूटरवरून यायचे, दिवाणाशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे, आणि चहाचा पहिला घोट घेईपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत.

फळ्यावर मी नेहमी एकच सिलिंडर काढायचो. उभा छेद, पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड, आणि पिस्टनच्या वरखाली होण्याने खाली गोल फिरणारा क्रँक. तीन किंवा चार सिलिंडरचं इंजिन असलं तर शेजारी दोन-तीन चौकोन ओढायचे आणि लिहायचं, ‘बाकी इसी प्रकार’. बाकीचे तसेच. मुलंही वहीत तसंच उतरवून घ्यायची. वेळ वाचायचा, खडू वाचायचा.

या वाक्याला पहिला तडा गेला तो सिलिंडर आतून कोरून देणाऱ्या बोरिंगवाल्याकडे. इंजिन खोललं तेव्हाच उस्तादांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या काठाशी आत फिरवलं होतं. एका जागी नख अडलं. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंत लोखंड झिजलेलं, त्याच्या वरचं तसंच कोरं, आणि दोहोंच्या मध्ये एक बारीक पायरी. तीन सिलिंडर, तीन पायऱ्या, तिन्ही वेगवेगळ्या. बोरिंगवाल्याने डायल गेज आत सोडलं आणि आकडे खडूने ब्लॉकवरच लिहिले. वर एक, मध्ये एक, खाली एक. आडवा एक, उभा एक. भोकं गोल राहिलीच नव्हती, लंबगोल झाली होती, कारण पिस्टन खाली ढकलला जाताना एका बाजूच्या भिंतीला रेलतो. मधलं सिलिंडर सगळ्यात जास्त गेलं होतं. “बीच वाले के हिसाब से तीनों को काटना पड़ेगा,” तो म्हणाला. एकत्र कुटुंबात एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांना मुगाची खिचडी, तसं.

तर तिन्हींना अर्धा मिलिमीटर मोठं केलं. मूळ व्यास 68.5 मिलिमीटर, आता 69. पिस्टनचा स्ट्रोक 72 मिलिमीटर. घरी आल्यावर मी सवयीने कागद घेतला. जुनं आकारमान 796 घन सेंटिमीटर, हे सगळ्यांना माहीत असतं. नवं आलं जवळजवळ 808. म्हणजे आमची 800 आता कुठे खरोखरीची 800 झाली. हे मी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, “मग आता कर जास्त भरावा लागेल का?”

ब्लॉक परत आला तो चकचकीत नव्हता, आणि तसाच हवा होता. होनिंगच्या दगडाने सिलिंडरच्या आत तिरप्या रेघांची जाळी पाडलेली असते, चटईच्या विणीसारखी. ऑइल त्या रेघांत धरून राहतं. आरशासारखी भिंत असली तर ऑइल टिकत नाही आणि नव्या रिंगाही नीट बसत नाहीत. पण त्याच रेघांत होनिंगच्या दगडाची पूडही अडकून बसते. मी रॉकेलने धुवायला घेतलं तर उस्तादांनी हात धरला. रॉकेलने तेलकटपणा जातो, पूड जात नाही. साबण पाहिजे, गरम पाणी पाहिजे आणि ब्रश पाहिजे.

ती दुपार मला फार आवडली. अंगणात बंब पेटवल्यासारखं वातावरण. कपड्यांच्या पावडरीचा फेस, बाटल्या धुवायचा लांब ब्रश, आणि मी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून लोखंडाचा ब्लॉक असा घासतोय जसं नातवाला न्हाऊ घालावं. धुऊन झालं की पांढरं फडकं आत फिरवायचं. बाबांचं एक जुनं धोतर ट्रंकेत होतं, त्याचे तुकडे केले होते. पहिलं फडकं करडं निघालं. दुसरं करडं. पुन्हा पावडर, पुन्हा पाणी. पाचवं जरा बरं. सातवं पांढरं निघालं. माझं होतंय न होतंय तोच उस्ताद ओरडले, “तेल! तेल!” ओलं कोरं लोखंड उघड्यावर काही मिनिटांत तांबूस व्हायला लागतं. मी तेलाचं फडकं फिरवेपर्यंत एका कोपऱ्यात केशरी झाक आलीसुद्धा. ऑक्सिडेशन मी रसायनाच्या मास्तरांइतकंच चांगलं समजावतो, पण ते इतकं चपळ असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. आमचं शहर 2017 ते 2023 सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं, त्यामुळे ओला वेगळा, सुका वेगळा हे आता लहान मुलंही सांगतात. गाडीवरच्या माणसाने माझ्या काळ्या चिंध्यांची पिशवी हातात धरली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “बाबूजी, ये किसमें डालूँ?” मला उत्तर आलं नाही. जुनं ऑइल मात्र डब्यात भरून उस्तादांच्या गॅरेजात पोचवलं. तिथे ते घेऊन जाणारा माणूस ठरलेला आहे.

मग बांधायला सुरुवात झाली, आणि उस्तादांचा एकच प्रश्न सुरू झाला. मी काहीही उचललं की, “इसका मुँह किधर है?” याचं तोंड कुठे? मला आधी हा विनोद वाटला. पण खरंच, त्या दिवाणावरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला तोंड होतं. क्रँक चार मेन बेअरिंगांवर बसतो. प्रत्येक बेअरिंग दोन अर्ध्यांचं. ज्या अर्ध्याला आत खाच आहे ते वर ब्लॉकमध्ये, कारण ऑइलचं भोक तिथे उघडतं. साधं अर्धं खाली कॅपमध्ये. अर्ध्याच्या पाठीला ऑइल लावायचं नाही, तिथे कोरडं लोखंड लोखंडाला भिडलं पाहिजे. पोटाला मात्र भरपूर. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून थ्रस्ट वॉशर असतात, त्यांच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात. उलट बसले तरी बसतात, तेच तर वाईट. कॅपला उस्ताद ‘टोपी’ म्हणायचे. प्रत्येक टोपीवर आकडा आणि एक बाण. बाण पुलीच्या बाजूला. चार नंबरची टोपी दोन नंबरवर घातली तर बोल्ट आरामात बसतात. पण कारखान्यात टोपी ब्लॉकवर आवळून मगच ते भोक कोरलेलं असतं, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाची होत नाही.

आणि एक नियम: एक टोपी आवळायची, क्रँक हाताने फिरवून बघायचा, मग दुसरी. “एक बाँधो, एक घुमाओ.” चारही मेन कॅप अशाच बांधल्या. क्रँक प्रत्येक वेळी एका बोटाने फिरला. न अडकता, न आवाज करता, जड आणि तेलकट असा फिरला. मी तो आणखी दोन-तीनदा उगाचच फिरवला.

त्या फिरण्यात काय आहे हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात काही शतांश मिलिमीटरची जागा असते आणि चालू इंजिनात त्या जागेत ऑइलची पाचर तयार होते; क्रँक तिच्यावर तरंगतो, लोखंड बेअरिंगला टेकत नाही. हे पहिल्यांदा दिसलं ते इंग्लंडात बीचम टॉवर नावाच्या इंजिनिअरला, 1883 च्या सुमाराला. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्याने बेअरिंगच्या डोक्यावर ऑइल घालायला भोक पाडलं, तर ऑइल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने भोकाला बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर आली. शेवटी तिथे दाबमापक लावला तेव्हा कळलं की आत ऑइल केवढ्या जोराने ते ओझं उचलून धरतंय. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्झने त्याचं गणित मांडलं. वर्गात मी टॉवरला दोन मिनिटं द्यायचो आणि रेनॉल्ड्झच्या समीकरणाला तीन तास. परीक्षेत समीकरण यायचं. आता क्रँक बोटाखाली फिरत असताना मला ती खुंटीच सारखी आठवत होती.

रिंगांच्या दिवशी मात्र मजा संपली.

पिस्टनला तीन खाचा. वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगांच्या, खालची ऑइल रिंगेची, आणि ती तिसरी स्वतः तीन तुकड्यांची. नवा सेट फोडला. दुसरी रिंग उचलली. उस्ताद म्हणाले, “मुँह?” मी रिंग उलटसुलट केली. दोन्हीकडून सारखीच दिसत होती. त्यांनी चष्मा पुढे केला. टोकाशी, फटीच्या अगदी जवळ, मुंगीएवढं अक्षर कोरलेलं होतं. “ये ऊपर.”

मी रिंग हातात धरून तसाच बसलो. हे अक्षर मी आधी पाहिलं होतं. 1991 किंवा 92 साल असेल, प्रयोगशाळेत एका मुलाने एक रिंग माझ्यापुढे धरली होती. खंडव्याकडचा की खरगोनकडचा, शांत मुलगा, मागच्या बाकावरचा. “सर, ये क्या लिखा है?” आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो होतो, “कंपनी का मार्का है.” त्याने मान डोलावली आणि वहीत ते लिहूनही घेतलं. मला ते लिहिणं स्पष्ट आठवतं, कारण आपलं कुणी काही लिहून घेतलं की त्या वयात बरं वाटायचं.

दुसऱ्या रिंगेची कड जराशी तिरपी असते. अक्षर वर ठेवलं तर ती खाली येताना भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली नेते. उलटी घातली तर तीच रिंग ऑइल वर ढकलते, जाळायला. म्हणजे माझ्या सांगण्यावर विसंबून त्या मुलाने पुढे कुठे इंजिनं बांधली असतील, तर त्यांतली काही निळा धूर ओकत हिंडली असणार, आणि तो बिचारा त्याचा दोष पिस्टनला देत असेल. उस्तादांना मी हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “पहला इंजन उल्टा बाँधा होगा. दूसरा नहीं.” हे त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरंच तसं असतं, ते मला ठरवता आलेलं नाही.

त्या रात्री झोप लागेना म्हणून रिंगेच्या फटीचं गणित केलं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवली की टोकांमध्ये दोन-तीन दशांश मिलिमीटरची फट राहावी लागते, फीलर गेजच्या पात्याने ती मोजतात. का? रिंगेचा घेर सुमारे 217 मिलिमीटर. इंजिन तापल्यावर रिंग भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त गरम झाली असं धरलं, तर ती जवळपास पाव मिलिमीटर लांबेल. फट नसली तर टोकं एकमेकांना भिडतील, रिंगेला पसरायला जागा नाही, ती भिंत ओरबाडेल नाही तर तुटेल. गणित बरोबर आलं आणि झोपही लागली. सकाळी सगळ्या फटी मोजल्या. एक कमी भरली. ती बारीक कानशीने घासली, दोन घासे आणि मोज, दोन घासे आणि मोज.

पिस्टन आत घालणं हे बघायला सोपं आणि करायला जिवावरचं काम. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ द्यायच्या नाहीत, नाही तर गॅसला सरळ जिना मिळतो. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे घालायचे, म्हणजे पिस्टन खाली जाताना बोल्टची आटी क्रँकला चरा पाडणार नाही. गॅसच्या शेगडीची जुनी नळी कापून मी ते तुकडे केले. रिंगांवर पत्र्याचा पट्टा आवळून त्यांना खाचांत दाबायचं आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने पिस्टनच्या माथ्यावर हलके ठोके द्यायचे. आवाज ऐकायचा. ठोका बोदा आला तर ठीक. जरा जरी टणक आला तर थांबायचं, एखादी रिंग पट्ट्यातून निसटून काठाला अडलेली असते. पहिल्या पिस्टनला मला पाऊण तास लागला. तिसऱ्याला दहा मिनिटं.

आणि तिथेच घात झाला. दोन नंबरच्या रॉडची टोपी आवळली आणि चहा आला. चहासोबत गराडू आले, गरम, वर जिरावण मसाला. (इंदूरबाहेरच्यांसाठी: गराडू हा एक कंद, थंडीत तळून खातात, आणि तो खाताना दुसरं काही सुचत नाही.) हात पुसले, परत आलो, आणि क्रँक न फिरवता सरळ तीन नंबरची टोपी घातली, नट आवळले. मग क्रँक फिरवायला गेलो. हलेना. लांब पान्याने जोर लावला तेव्हा कुरकुरत फिरला.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. नव्या रिंगा, नवी भिंत, तीन पिस्टन, घर्षण वाढणारच. मी ते समजावूनही सांगितलं. उस्तादांनी ऐकून घेतलं, बशीतला शेवटचा तुकडा संपवला, उठले, आणि पान्याला नुसती दोन बोटं लावून क्रँक थोडा पुढे, थोडा मागे केला. “मास्साब, रिंग ऐसे नहीं पकड़ती.” रिंगेचा अडथळा पिस्टन मध्यावर असताना जास्त लागतो, टोकाला कमी. हा सगळीकडे सारखाच अडत होता. “ढीला करो.” दोन नंबर सैल केला, फरक नाही. परत आवळला. तीन नंबर सैल केला आणि क्रँक एकदम सुटला, मोकळा, जसं काही झालंच नव्हतं.

टोपी काढून उजेडात धरली. बाण पुलीच्या उलट टोकाला, फ्लायव्हीलकडे होता. इतकंच काय, इंजिन खोलताना मीच सेंटर पंचने रॉडवर आणि टोपीवर तीन-तीन ठिपके मारून ठेवले होते, एकाच बाजूला यावेत म्हणून. आता ते समोरासमोरच्या बाजूंना होते. टोपी त्याच रॉडची होती, फक्त फिरलेली. दोन अर्धी मिळून जे गोल भोक होतं, त्यात केसाच्या काही हिश्शाची पायरी पडली होती. बेअरिंगवर एक चमकता पट्टा उमटला होता, नखाएवढा. वापरलं असतं तर कदाचित चाललं असतं. उस्तादांनी ते अर्धं माझ्या शंकरपाळ्याच्या डब्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मी नवा सेट आणला.

आता इथे ‘अनुभवी हात म्हणजेच मोजपट्टी’ असं काहीतरी लिहायचा मोह होतो. लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. उस्ताद टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, वापरत नाहीत, मी हट्टाने विकत आणला होता. रॉडचे सहा नट त्यांनी त्यांच्या हाताने आवळले आणि मी रेंचने तपासले. पाच बरोबर. सहावा सैल होता, चांगला सैल. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणाच्या जोरावरच दोन भाग धरून ठेवतो. आटी तेलकट की कोरडी यानेसुद्धा तो ताण बदलतो आणि हाताला ते नेहमीच कळतं असं नाही. उस्तादांनी तो रेंच घेतला, दोनदा ‘टक’ वाजवून बघितला. सध्या तो त्यांच्याच गॅरेजात आहे. परत मागायला मला संकोच वाटतो.

पुढचं काम लवकर उरकलं. ऑइल पंप, जाळी, खालचं चेंबर. हेडचं गॅस्केट, त्यालाही तोंड. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन हप्त्यांत. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवल्या आणि क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवला, कारण क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरतो आणि तेव्हाच कळतं की सगळे आपापल्या जागी परत आले की नाहीत. आले.

रविवारी सकाळी इंजिन गाडीत गेलं. आधी प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. शेजारचे जोशीकाका-काकू, भाचा, पोह्यांची बशी हातात धरलेली बायको, सगळे फाटकाशी. तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला.

भाचा काही बोलला नाही, हे त्याचं सौजन्य. उस्ताद पोहे खात होते. “लगाया हुआ तेल जलेगा तो सही,” ते म्हणाले. बांधताना भिंतींना फासलेलं ऑइल जळत होतं. दहा मिनिटांत धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. मी मागे उकिडवा बसून पांढरा रुमाल सायलेन्सरपाशी धरून बघत होतो.

उज्जैनच्या तीन आणि महेश्वरची एक अशा फेऱ्या करून पाचशे किलोमीटर झाल्यावर पहिलं ऑइल बदललं. जुन्या परातीत ते काढलं आणि उन्हात धरलं तर त्यात अगदी बारीक चमक होती, रांगोळीत अभ्रक मिसळल्यासारखी. नवे भाग एकमेकांना घासून बसताना निघालेली पूड. उस्तादांनी बोटांवर घेऊन चोळली, वास घेतला आणि परात बाजूला सारली. फराळाचे नवे डबे त्याच आठवड्यात आणले.

परवा जोशीकाकांचा नातू आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या दिवशी पेपर होता. “आजोबा, तीन सिलिंडरच्या इंजिनचा छेद काढून दाखवा ना.” मी आडवा कागद घेतला. एक नंबर काढला, पिस्टन खाली उतरताना. मग दोन नंबर, पिस्टन जिथे हवा तिथे. मग तीन नंबर. रिंगांच्या फटी वेगवेगळ्या बाजूंना दाखवल्या, रॉडच्या टोप्यांवर ठिपके दिले, एक, दोन, तीन, आणि प्रत्येक टोपीवर पुलीकडे बाण. अर्धा तास गेला. तो आधी माझ्याकडे, मग घड्याळाकडे बघत होता.

“आजोबा,” तो शेवटी म्हणाला, “पाच मार्कांना एकच काढायचा असतो. बाकी इसी प्रकार लिहिलं की चालतं.”